पीक मुलाचे, हिशेबही मुलाचा

शेती हा विषय माध्यमिक शाळेत शिकविता येतो काय, असे विचारले तर बहुतेक शिक्षक होकारार्थी उत्तर देतील. मातीचे प्रकार, खतांतील घटक, पिकांवरील रोग आणि जनावरांच्या जाती ही सारी माहिती फळ्यावर लिहिता येते, वहीत उतरविता येते आणि परीक्षेत विचारताही येते. परंतु उगवण विरळ झाली असता दुबार पेरणी करावी की आहे ते पीक सांभाळावे, भाव उतरला असता धान्य विकावे की घरात ठेवावे, हे फळ्यावर शिकविण्याजोगे विषय नव्हेत. ज्याचे बियाणे आणि ज्याचा पैसा मातीत गेला आहे त्यालाच ह्या प्रश्नांची धार कळते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ती कळावी अशी सोय शाळेने कशी करावी? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या प्रश्नाचे एक उत्तर हळूहळू आकाराला आले. मुलाच्या हाती त्याच्या स्वतःच्या मालकीचे एखादे लहानसे पीक किंवा जनावर द्यावे, त्याचा जमाखर्च त्यालाच लिहावयास लावावा आणि नफा झाला तर तोही त्यालाच घेऊ द्यावा, असे ते उत्तर होते. ह्या पद्धतीचा उगम, तिची रीत आणि तिच्या मर्यादा ह्यांचा परिचय प्रस्तुत प्रकरणात करून घ्यावयाचा आहे.

आरंभ सांगताना ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड ह्या गावाचे नाव घेण्याचा प्रघात आहे. तेथील ग्रामीण शाळांचे अधीक्षक ए. बी. ग्रॅहम ह्यांनी १५ जानेवारी १९०२ रोजी आसपासच्या शाळांतील मुलामुलींना न्यायालयाच्या इमारतीतील तळघरात एकत्र बोलाविले. लिटमस कागदाने मातीची आम्लता पाहणे, दोरीच्या गाठी मारणे, किडी ओळखणे, बियाणे निवडणे असले साधेच उद्योग त्या मंडळात चालत. मुलांनी मातीचे नमुने घरच्या शेतातून आणावयाचे आणि परीक्षेचा निष्कर्ष घरी जाऊन वडिलांना सांगावयाचा. ह्यात वरवर पाहता विशेष असे काही नाही. तथापि शाळेतील ज्ञान घरच्या बांधावर जाऊन पोहोचण्याची वाट ह्या तळघरातून फुटली, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. आयोवा राज्यात जेसी फील्ड ह्या शिक्षिकेने अशीच मंडळे चालविली. पुढे ह्या साऱ्या मंडळांना चार पानांच्या गवताचे बोधचिन्ह मिळाले आणि डोके, हृदय, हात व आरोग्य ह्या अर्थांच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'फोर-एच' हे नाव रूढ झाले.

दक्षिणेकडील राज्यांत मात्र गोष्ट निराळ्या कारणाने सुरू झाली. मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरलेला, कापसाची बोंडे पोखरणारा सोंडकिडा एकेक जिल्हा पादाक्रांत करीत होता. कृषिखात्याच्या वतीने सीमन नॅप हे वृद्ध गृहस्थ शेतकऱ्यांना सुधारित पद्धती समजावून सांगत होते. पण पुस्तकी शेतीवर शेतकऱ्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसणे अगदीच अकारण होते असेही म्हणता येणार नाही. १९०३ मध्ये टेक्सासमधील टेरेल येथे नॅप ह्यांनी नवा मार्ग अवलंबिला. सरकारी शेतावर प्रयोग करून दाखविण्याऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या रानात, स्वतःच्या हातांनी तो करावा आणि शेजाऱ्यांनी तो पाहावा, अशी ती योजना होती. ही युक्ती मुलांना लावली तर काय होईल? १९०७ साली मिसिसिपी राज्यातील होम्स जिल्ह्यात शाळांचे अधीक्षक डब्ल्यू. एच. स्मिथ ह्यांनी मुलांचे 'मका मंडळ' स्थापिले. पाहता पाहता ही मंडळे दक्षिणेत सर्वत्र पसरली.

ह्या मंडळांचे नियम मुळातून पाहण्यासारखे आहेत. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या रानातील एक एकर तुकडा स्वतःकडे घ्यावयाचा आणि त्यावरील सारी कामे स्वतः करावयाची. हंगामाच्या शेवटी गुण द्यावयाचे ते असे : एकरी उत्पन्नाला ३०, गुंतविलेल्या रकमेवरील नफ्याला ३०, मक्याच्या दहा निवडक कणसांना २० आणि पिकाचा इतिहास लिहून काढण्याला २०. म्हणजे निम्मे गुण रानात मिळावयाचे आणि निम्मे वहीत. नफा काढताना जमिनीचा खंड एकरी ५ डॉलर धरावा, मुलाच्या श्रमाचे मोल ताशी १० सेंट आणि घोड्याच्या श्रमाचे ताशी ५ सेंट लावावे, असाही नियम होता. ज्या घरात आपल्या घामाची किंमत आजवर कोणी कागदावर मांडली नव्हती, त्या घरातील बारा वर्षांचा मुलगा आता रोज संध्याकाळी किती तास राबलो हे लिहू लागला! घरच्या जमिनीलाही भाडे असते, घरच्या शेणखतालाही दर असतो, हे बापाच्या आधी मुलाला कळले. आमच्या मते मका मंडळांची खरी करामत उत्पन्नवाढीपेक्षा ह्या भाड्यात आणि ह्या सेंटांत आहे.

उत्पन्नाचे विक्रमही झालेच. १९१० मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातील जेरी मूर ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून थोडा अधिक मका पिकविला. (बुशेल हे धान्याचे माप असून मक्याचा एक बुशेल सुमारे पंचवीस किलो भरतो.) आपल्या हिशेबाने हे उत्पन्न एकरी ५८ क्विंटलांच्या आसपास जाते. त्या काळी देशाची सरासरी एकरी सात क्विंटलांच्या घरात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे वर्तमानपत्रांनी त्या मुलाचे नाव घरोघर का पोहोचविले ते समजते. अर्थात असे विक्रम सढळ हाताने घातलेल्या खतावर उभे असतात आणि शेजारच्या दहा एकरांवर त्यांची पुनरावृत्ती होत नाही. गुणांच्या कोष्टकात नफ्याला उत्पन्नाच्या बरोबरीचे स्थान ज्याने दिले त्याला ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

मुलींना मक्याचा एकर मिळाला नाही. साउथ कॅरोलायनाच्याच एकेन जिल्ह्यातील मेरी क्रोमर ह्या ग्रामीण शिक्षिकेने १९१० मध्ये मुलींसाठी टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येकीकडे एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे जेमतेम चार गुंठे. टोमॅटो पिकवावयाचे, स्वतःच डबाबंद करावयाचे आणि डबे विकून आलेला पैसा स्वतःजवळ ठेवावयाचा. लागवडीपासून बाजारापर्यंतचा सारा व्यवहार मुलीच्या हातून होई. मक्याच्या मुलांना प्रक्रिया आणि विक्री ह्यांचा एवढा अनुभव मिळत नसे. चार गुंठ्यांची ही शाळा एकराच्या शाळेपेक्षा काही बाबतींत पुढे होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही सारी मंडळे शाळेच्या आश्रयाने चालत असली तरी शाळेच्या अभ्यासक्रमाशी त्यांचा सांधा जुळलेला नव्हता. तो जुळविण्याचे काम रूफस स्टिमसन ह्यांनी केले. ते कनेक्टिकटच्या कृषिमहाविद्यालयाचे अध्यक्ष होते. १९०८ मध्ये ते पद सोडून मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दम्प्टन गावच्या एका नव्या कृषिशाळेचे ते संचालक झाले. त्या काळी कृषिशाळेला स्वतःचे शेत असावे आणि मुलांनी त्यावर पाळीपाळीने काम करावे, अशी सर्वसाधारण कल्पना होती. स्टिमसन ह्यांनी ती उलटी केली. शाळेच्या शेतावर मुलगा हा मजूर असतो. काय पेरावयाचे ते दुसऱ्याने ठरविलेले असते आणि पीक बुडाले तरी त्याच्या ताटातील भाकरी कमी होत नाही. म्हणून मुलाने शाळेत शिकावे आणि घरच्या जमिनीवर एखादा उद्योग स्वतःच्या जबाबदारीवर करावा. शाळेतील अभ्यास त्या उद्योगाला लागेल त्या क्रमाने व्हावा. शिक्षकाने घरोघर जाऊन देखरेख करावी. ह्या योजनेला त्यांनी 'होम प्रोजेक्ट' असे नाव दिले.

'प्रोजेक्ट' ह्या शब्दासाठी आपण 'प्रकल्प' हा शब्द वापरतो. आज कोणत्याही शाळेत प्रकल्प म्हटला की पुठ्ठा, रंगीत कागद आणि आदल्या रात्री जागणारे आईवडील डोळ्यांसमोर येतात. शिक्षणशास्त्रात ह्या शब्दाचा बोलबाला विल्यम किलपॅट्रिक ह्यांच्या १९१८ मधील निबंधाने झाला; परंतु त्याच्या कितीतरी आधी मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांची मुले ज्याला प्रोजेक्ट म्हणत होती तो डुकरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे किंवा बटाट्याचा वाफा होता, आणि त्याला वास येत असे.

२३ फेब्रुवारी १९१७ रोजी संमत झालेल्या स्मिथ-ह्यूज कायद्याने ही कल्पना देशभर नेली. चौदा वर्षांवरील विद्यार्थ्यांना शेतीचे शिक्षण देणाऱ्या शाळांना केंद्र सरकारचे साहाय्य मिळू लागले, आणि त्यासाठी एक अट अशी होती की, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केले पाहिजे. मग ते शाळेच्या शेतावर असो वा अन्य कोणत्या शेतावर. पिकाला उन्हाळ्याची सुटी नसते. त्यामुळे शेतीचा शिक्षक बारा महिन्यांच्या करारावर नेमण्याची चाल पडली. इतर शिक्षक सुटीवर गेले म्हणजे हा शिक्षक धुळीच्या रस्त्यांवरून एकेका मुलाच्या गोठ्यात जाऊन उभा राही. ही भेट ह्या पद्धतीचा कणा होय. जेथे ती थांबली तेथे प्रकल्प कागदावरच उरले.

भारतीय वाचकाला येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. हाताने काम करीत शिकावे, हे सूत्र दोन्हींत समान आहे. फरक आहे तो पिकाच्या मालकीचा. वर्धा योजनेत उद्योगातून निघालेल्या मालाच्या विक्रीने शाळेचा, निदान शिक्षकाच्या वेतनाचा भार हलका व्हावा, अशी अपेक्षा होती. स्टिमसन ह्यांच्या योजनेत शाळेला एक छदामही मिळावयाचा नाही. पहिल्या योजनेमागे स्वावलंबी समाजाचे चित्र आहे, दुसरीमागे स्वतंत्र शेतकऱ्याचे. कोणते श्रेष्ठ हा प्रश्न येथे नाही. पण १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने सुचविलेले 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' किंवा पुढचा कार्यानुभवाचा तास ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना एक तिसरा प्रकारही ठाऊक असेल. अनुवादकाच्या शाळेत मैदानाच्या कोपऱ्यात मेथीचे वाफे होते. आम्ही पाणी घातले, निंदणी केली आणि एका सोमवारी वाफे रिकामे दिसले. ती मेथी कोणी नेली, विकली की खाल्ली, किती जुड्या निघाल्या, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही विचारले नाही. मूलोद्योगातील पीक समाजाचे, होम प्रोजेक्टमधील पीक मुलाचे. आमची मेथी कोणाचीच नव्हती.

प्रकल्प प्रत्यक्षात कसा चालतो हे एका उदाहरणाने पाहू. मांसासाठी जनावरे पोसण्याचा धंदा त्या देशात मोठा आहे, म्हणून गोऱ्ह्याचाच प्रकल्प घेऊ. शरद ऋतूत मुलगा दूध सुटलेला, सुमारे अडीचशे किलो वजनाचा खच्ची केलेला गोऱ्हा विकत घेतो. पैसे नसतील तर कर्ज काढतो. कृषिखात्याची दहा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी कर्जाची योजना असून कर्जरोख्यावर सही मुलाची स्वतःची असते व परतफेडीची जबाबदारीही त्याचीच असते. मग म्होरकी घालून जनावराला माणसाळविणे, रोजचे खाद्य तोलून घालणे, ठराविक दिवसांनी वजन घेणे हा क्रम सुरू होतो. एक किलो वजन वाढावयास सहा ते आठ किलो खाद्य लागते. पुढच्या उन्हाळ्यातील जिल्हा प्रदर्शनापर्यंत गोऱ्हा साडेपाचशे-सहाशे किलोंवर न्यावयाचा, म्हणजे दोन टनांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक खाद्य त्याच्या पोटात जावयाचे. मका वडिलांच्या कोठारातून घेतला तरी तो बाजारभावाने वहीत मांडावा लागतो. गव्हाणीत रोज सांडणाऱ्या मूठभर दाण्यांचे वर्षाकाठी किती डॉलर होतात, हे येथे कळते.

शेवटी लिलाव होतो आणि जनावर कत्तलखान्याकडे जाते. दहा महिने ज्याला अंघोळ घातली, ज्याला नाव ठेवले, त्याची दोरी मुलाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाची असते. आपल्याकडील पुष्कळ वाचकांना हा भाग जड जाईल. तो तेथील मुलांनाही जड जातो. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी गोठ्यांतून रडणारी मुले दिसतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही.

परंतु ह्या लिलावाविषयी आमची तक्रार निराळीच आहे. गावातील व्यापारी, बँका आणि खाद्याचे दुकानदार कौतुकापोटी बाजारभावाहून पुष्कळ चढा भाव देऊन मुलांची जनावरे घेतात. मुलाला शिक्षणासाठी पैसा मिळतो, दुकानदाराचे नाव होते. सारेच आनंदी असतात. मात्र वर्षभर ज्या वहीने मुलाला एकेका सेंटाचे सत्य सांगितले, तीच वही शेवटच्या ओळीत त्याला चकविते. खऱ्या बाजारात त्या गोऱ्ह्यावर कदाचित तोटाच आला असता. काही शिक्षक मुलांना दोन शेवट लिहावयास लावतात : एक लिलावाच्या भावाने आणि एक त्या दिवशीच्या बाजारभावाने. ही पद्धत सर्वत्र असावयास हवी.

ह्या उद्योगांना स्पर्धांची जोड आहे, आणि त्यांत पशुपरीक्षणाची स्पर्धा आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटते. मैदानात एकाच प्रकारची चार जनावरे उभी करतात. त्यांना एक ते चार असे क्रमांक असतात. विद्यार्थ्याने दहा-पंधरा मिनिटे त्यांच्याभोवती हिंडून, पाठ, पाय, कास, चाल पाहून त्यांचा उतरता क्रम लावावयाचा. चार जनावरांचे क्रम चोवीस प्रकारे लागू शकतात. तज्ज्ञांचा क्रम प्रमाण धरून पन्नासपैकी गुण देतात. पण सगळ्या चुका सारख्या लेखीत नाहीत. जवळजवळ सारखी असणारी दोन जनावरे उलटसुलट लावली तर एखाददुसरा गुण जातो. उघड उघड सरस जनावर मागे टाकले तर चांगलाच फटका बसतो. एवढ्यावर भागत नाही. नंतर विद्यार्थ्याला परीक्षकापुढे उभे राहून, हातात टिपण न घेता, दोन मिनिटांत आपल्या निर्णयाची कारणे सांगावी लागतात. क्रम चुकला तरी कारणे नेमकी आणि जे पाहिले त्याला धरून असतील तर त्यांना गुण मिळतात. ज्या मुलाने निबंधात कधी चार वाक्ये धड लिहिली नाहीत तो गाईच्या कासेची ठेवण मुद्देसूद वर्णन करतो, असे ह्या स्पर्धेत दिसते.

१९२६ पासून शेतीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे पशुप्रदर्शनाच्या निमित्ताने भरू लागल्या होत्या. तेथेच नोव्हेंबर १९२८ मध्ये अठरा राज्यांतील ३३ विद्यार्थी-प्रतिनिधींनी 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे भावी शेतकऱ्यांची संघटना, स्थापन केली. व्हर्जिनिया राज्यात हेन्री ग्रोसक्लोज ह्या कृषिशिक्षकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच उभारलेली संघटना हिचा नमुना होती. शेतकऱ्यांच्या मुलांना शहरी मुलांपुढे वाटणारा संकोच जावा, हा तिचा एक हेतू होता, आणि त्यासाठी योजलेला सभेचा थाट मोठा मौजेचा आहे. अध्यक्षाने उगवत्या सूर्याच्या चिन्हाखाली बसावयाचे, उपाध्यक्षाने नांगराजवळ, चिटणिसाने मक्याच्या कणसाजवळ, सल्लागार शिक्षकाने घुबडाजवळ. (पाश्चात्यांत घुबड शहाणपणाचे प्रतीक आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.) ठराव कसा मांडावा, दुरुस्ती कशी सुचवावी, ह्याचे शिक्षण येथे मिळते. सभासदाच्या चार पायऱ्या असत आणि वरच्या पायरीवर चढण्यासाठी भाषण पुरत नसे. प्रकल्पातून स्वतः कमावून गुंतविलेली ठराविक रक्कम वहीत दाखवावी लागे. १९३३ मध्ये ओहायोतील फ्रेडरिकटाउनची मुले अधिवेशनाला निळ्या कॉर्डरॉयची जाकिटे घालून आली. ती प्रतिनिधींना इतकी आवडली की तोच संघटनेचा गणवेश ठरला.

ते निळे जाकीट कोणाला मिळत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९३० मध्ये संघटनेने आपले सभासदत्व केवळ मुलांपुरते मर्यादित केले. चार गुंठ्यांच्या टोमॅटोवर व्यापार करून दाखविणाऱ्या मुलींच्या पुढच्या पिढीला ह्या संघटनेचे दार १९६९ पर्यंत बंद राहिले. ते उघडल्यावर तेरा वर्षांनी, १९८२ मध्ये, संघटनेच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी प्रथमच एक मुलगी निवडून आली.

दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाच निराळ्या होत्या. तेव्हा त्यांची संघटनाही निराळी झाली. १९३५ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे, जेथे बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांची प्रसिद्ध संस्था आहे, 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे जाकीट काळे व सोनेरी होते आणि बोधचिन्हात मक्याच्या कणसाऐवजी उमललेले कापसाचे बोंड होते. गोऱ्या भावी शेतकऱ्यांप्रमाणेच इथेही प्रकल्प होते, वह्या होत्या, वक्तृत्वाच्या स्पर्धा होत्या. परंतु 'होम प्रोजेक्ट'मधील 'होम' ह्या शब्दाने येथे मोठीच अडचण केली. स्टिमसन ह्यांच्या योजनेने घराला जमीन आहे असे गृहीत धरले होते. ह्या मुलांपैकी पुष्कळांचे वडील वाटेकरी होते. जमीन दुसऱ्याची, खेचर दुसऱ्याचे, हंगामाअखेर हिशेब मांडणारा जमीनदार. आणि त्या हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार वाटेकऱ्याला क्वचितच. अशा घरातील मुलगा शाळेत जमाखर्च लिहावयास शिकतो, ह्या घटनेचे वजन काही निराळेच आहे. विद्यार्थ्याने स्वतःचा हिशेब स्वतः लिहावा, हा नियम गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी शिस्तीचा भाग होता. वाटेकऱ्याच्या झोपडीत तो जमीनदाराच्या वहीला दिलेला पडताळा होता.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दोन निराळ्या संघटना चालविणे अशक्य झाले आणि १९६५ मध्ये त्या एकत्र झाल्या. म्हणावयाचे विलीनीकरण, प्रत्यक्षात नाव, चिन्ह, गणवेश आणि विधी पहिल्या संघटनेचे राहिले आणि दुसरीचे गेले. त्या वर्षीच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय संघटनेच्या अध्यक्षाने आपले काळे-सोनेरी जाकीट सर्वांसमक्ष उतरवून निळे जाकीट अंगावर चढविले. एकीचे दृश्य म्हणून ते घडविले गेले असणार. पण ५०,००० हून अधिक सभासदांनी तीस वर्षे चालविलेल्या संस्थेचे ते अखेरचे जाकीट होते, हे विसरून ते दृश्य पाहता येत नाही. भेदभाव जाणे न्यायाचेच होते. त्याची किंमत मात्र एकाच बाजूच्या खात्यावर पडली.

पुढच्या काळात शेतकऱ्यांची संख्याच घटत गेली आणि ज्यांच्या घरी गोठा नाही अशी मुले ह्या वर्गांत येऊ लागली. १९८८ मध्ये संघटनेने आपल्या नावातील 'भावी शेतकरी' हे शब्द सोडून केवळ आद्याक्षरे ठेविली, कारण सभासदांपैकी अनेकांना शेतकरी व्हावयाचे नव्हते. कोणाला पशुवैद्यक, कोणाला अन्नप्रक्रिया, कोणाला फुलांचा व्यवसाय करावयाचा होता. तरीही पुढे सभासदसंख्या वाढली. २०२४ मध्ये ती दहा लाखांच्या पुढे गेली होती.

ह्या बदलाचे एक ठळक उदाहरण शिकागो शहरात आहे. तेथे १९८५ मध्ये शहराच्या हद्दीत उरलेल्या अखेरच्या शेतावर एक कृषी माध्यमिक शाळा सुरू झाली. सुमारे सत्तर एकरांचे ते शेत आणि त्याच्या भोवती महानगर. ह्या शाळेत शिकलेले कोरी फ्लोर्नॉय १९९४ मध्ये राष्ट्रीय अध्यक्ष झाले; त्या पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय आणि पहिलेच महानगरातील विद्यार्थी. काळे जाकीट उतरविले गेले त्याला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.

अशा शाळेतील मुलांचा प्रकल्प कोठे करावयाचा? घरी अंगण असेलच असे नाही. म्हणून स्वतःच्या उद्योगाबरोबर दुसऱ्या प्रकारांनाही मान्यता देण्यात आली : रोपवाटिकेत किंवा पशुवैद्याच्या दवाखान्यात पगारी वा बिनपगारी काम करावे, अथवा एखादा प्रयोग हाती घेऊन त्याच्या नोंदी ठेवाव्या. वही अजूनही आहे, ती आता संगणकावर भरतात. ज्याचे स्वतःचे पीक आहे तो तीत खर्च आणि उत्पन्न मांडतो. ज्याचे नाही तो किती तास काम केले ते लिहितो. तासांच्या रकान्यात तोटा दिसत नाही. त्यावर काही शिक्षकांनी असा उपाय योजला आहे की, शाळेच्या काचघरातील एखादा बाक चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून हंगामासाठी भाड्याने घ्यावा, माती आणि बियाणे स्वतःच्या पैशाने आणावे, आणि रोपे विकून जे उरेल ते वाटून घ्यावे. बाकाचे भाडे आधी भरावयाचे असते.